न शिकलेला आवाज: नाझिया हसनबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, की सिनेमाबाहेरचं हिंदी पॉप नेमकं कुणापासून सुरू झालं. मी नाझिया हसनचं नाव लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या एका नावावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सदर तिलाच द्यायचं ठरवलं. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. नेहमीप्रमाणे नावं न छापता फक्त गावं देते.

ताई, माझी आई स्वयंपाक करताना ‘आप जैसा कोई’ गुणगुणते. गाणारी मुलगी तेव्हा शाळेत होती असं ती सांगते. एक शाळकरी मुलगी फिरोज खानच्या सिनेमापर्यंत पोचली कशी? (कोल्हापूर)

आई बरोबर सांगते. नाझियाचा जन्म कराचीचा, ३ एप्रिल १९६५चा. ‘आप जैसा कोई’ ज्यात आहे तो फिरोज खानचा ‘कुर्बानी’ जून १९८०मध्ये लागला, म्हणजे तेव्हा तिला पंधरा वर्षं नुकती पुरी झाली होती. वडील व्यावसायिक, आई समाजकार्यात. कुटुंबाचं एक पाऊल कराचीत आणि एक लंडनमध्ये. तिच्या पाठचा भाऊ झोहेब. पाकिस्तान टेलिव्हिजनवर सोहेल राणा मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचे, त्यात ही भावंडं लहानपणी गायची. तिच्या गाण्याची पूर्वतयारी म्हणायची तर एवढीच.

लंडनमध्ये एका पार्टीत तिची फिरोज खानशी गाठ पडली. त्यांनी तिला बिद्दूकडे आवाज ऐकवायला पाठवलं. आता हा बिद्दू कोण, ते तुला सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. बिद्दू अप्पय्या हा बंगळूरचा मुलगा. तिथे बँडमध्ये गिटार वाजवत, गात मोठा झाला, मुंबईत गायला, आणि साठच्या दशकात लंडन गाठलं. १९७४ साली कार्ल डग्लसचं ‘कुंग फू फायटिंग’ त्याने केलं. ते ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या नंबरावर गेलं. १९७६मध्ये टीना चार्ल्सचं ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिलं आलं. म्हणजे फिरोज खान ज्याच्याकडे गेले, तो डिस्कोची नक्कल करणारा नव्हता. डिस्को जिथे घडत होतं तिथे बसून ते घडवणाऱ्यांपैकी होता.

‘कुर्बानी’चं बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं आहे. कांचन आणि अमितकुमारचं ‘लैला’ त्यांचंच. एकच गाणं फिरोज खाननी बाहेरून आणलं आणि ते लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालं. त्या काळात मुंबईत, ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ठिकाणी, पंचवीस-पन्नास वादक एकाच वेळी बसायचे, गायक काचेपलीकडच्या खोलीत उभा राहायचा आणि एका दमात टेक व्हायचा. कुणी चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात. लंडनला ताल वेगळा, बास गिटार वेगळी, आवाज वेगळा, असं एकेक करून चोवीस ट्रॅकवर चढवलं गेलं. आईला सांग, आता हेडफोन लावून ऐक. ती बास गिटार कशी गाण्याच्या पुढे चालते बघ. तोवर आपल्या हिंदी गाण्यात बास असा नायकासारखा पुढे यायचा नाही.

लताबाई-आशाबाई गात असताना त्या साली फिल्मफेअर पंधरा वर्षांच्या मुलीला? हा अन्याय नव्हता का? (सोलापूर)

नव्हता. लताबाईंनी १९७०च्या सुमारास स्वतःहून सांगितलं होतं, की या पुरस्कारासाठी यापुढे माझा विचार करू नका, नव्यांना मिळू दे. आशाबाईंनीही १९७९नंतर तेच केलं. दोघी बहिणींनी जागा मोकळी केली होती, आणि ती अशा रीतीने भरली गेली. गायिकेच्या पुरस्काराच्या इतिहासात एवढ्या लहान वयाची मानकरी दुसरी नाही, आणि पाकिस्तानातून येऊन तो घेणारीही ती पहिली. मंगेशकर भगिनींच्या त्या निर्णयाबद्दल मला फार आदर आहे, आणि नाझियाचं यश हा त्याच निर्णयाचा एक परिणाम आहे असं मी मानते.

तुम्ही स्वतः रीतसर शिकलेल्या, आकाशवाणीवर सुगम संगीत गायलेल्या. मीही गाणं शिकवते. म्हणून स्पष्ट विचारते: नाझिया हसन चांगली गायिका होती का? आवाज नाकातला, पल्ला छोटा, गळ्याच्या नक्षीतली हरकत नाही, मुरकी नाही. स्टुडिओतल्या करामतीने उभं केलेलं ते नाव नव्हे का? (पुणे)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण असाच प्रश्न मला माझ्या गुरूंनीही केला असता. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी खऱ्या आहेत. आवाज किंचित नाकातला आहे. पल्ला मोठा नाही. हरकती, मुरक्या, खटके यांच्या वाटेला ती जात नाही. तालीम नाही. आकाशवाणीच्या ऑडिशनला ती बसली असती तर सुगम संगीताची श्रेणी तिला मिळाली नसती, असं मीही म्हणेन. तरीही ती चांगली गायिका होती असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर लिहिते.

त्या काळातलं क्लबचं गाणं आठवा. पडद्यावर दिवे, ग्लास, नाचणारी बाई. गळ्यातून उसासा, हुंकार, लाडीक ओढ, शब्दाच्या शेवटी एक गिरकी. आशाबाईंनी हा प्रकार इतक्या उंचीवर नेला, की मागून येणाऱ्या प्रत्येकीने तोच धडा गिरवला. ‘आप जैसा कोई’ हेही क्लबचंच गाणं. पडद्यावर झीनत अमान आहे, शब्दांत आमंत्रण आहे. आणि आवाज? तो काहीच करत नाही. उसासा नाही, लचक नाही. एक मुलगी सरळ सूर लावून सरळ बोलते. बघणाऱ्याला पडद्यावर एक दिसतं आणि कानावर दुसरं पडतं, आणि या दोहोंमधल्या अंतरात त्या गाण्याची सगळी जादू आहे. एखाद्या पिकल्या गळ्याने ते गायलं असतं तर चांगलं क्लब-साँग झालं असतं आणि विसरलंही गेलं असतं.

आता करामतीबद्दल. हो, बिद्दूने तिचा आवाज तिच्याच आवाजावर पुन्हा बसवला. एकाच साडीचे दोन पदर एकावर एक धरले की रंग गडद दिसतो, तसा तो आवाज भरीव झाला. पण तुम्ही शिकवता, तेव्हा यातली मेख तुमच्या लगेच लक्षात येईल. असं दुहेरी गाण्यासाठी तीच ओळ दुसऱ्यांदा जशीच्या तशी गावी लागते. तोच श्वास, तीच सुरुवात, शब्द तिथेच सोडायचा. केसाएवढा फरक पडला तरी दोन आवाज वेगळे ऐकू येतात. तुम्ही-आम्ही हे करू शकू का? आपली मुरकी दर वेळी वेगळी पडते, आणि ती वेगळी पडावी म्हणूनच आपण आयुष्यभर मेहनत केलेली असते. नाझियाचा सूर सरळ होता, लय पक्की होती, म्हणून ते दोन थर एकजीव झाले. यंत्राने तिला आवाज दिला नाही, यंत्राला हवा तसा आवाज तिच्याकडे होता.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी कधीकधी ‘आओ ना’चा मुखडा गायला देते. अट एकच, एकही अलंकार घ्यायचा नाही आणि ठोक्याच्या मागे-पुढे सरकायचं नाही. ज्या मुली परीक्षांवर परीक्षा देऊन आल्या आहेत त्यांना हे सगळ्यात जड जातं. दुसऱ्या ओळीला गळा आपोआप वळतो. शिकलेल्या गळ्याला रिकामी जागा बघवत नाही, तो लगेच भरायला धावतो. ती जागा रिकामी ठेवणं हेही गाणंच आहे, आणि हे मला कुठल्याही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

उणीव आहेच. ‘लेकिन मेरा दिल’सारख्या संथ गाण्यात, जिथे ताल मागे हटतो आणि एकेका स्वरावर उभं राहावं लागतं, तिथे मला तिचा आवाज पातळ वाटतो. त्या जागी तालीम लागते, दुसरा उपाय नाही. पण पॉपमध्ये गायिकेला एकच प्रश्न विचारायचा असतो, की हे गाणं दुसऱ्या कुणी गायलं तर चालेल का. ‘आप जैसा कोई’च्या नंतर कितीतरी आवृत्त्या झाल्या, उत्तम गळ्यांनी गायलेल्या. लोक मूळ गाण्याकडेच परत जातात.

आमच्याकडे टू-इन-वनवर ‘डिस्को दीवाने’ची कॅसेट सतत वाजायची आणि बाबा ‘बंद करा तो धिंगाणा’ म्हणून ओरडायचे. सिनेमा नसताना ही गाणी एवढी चालली कशी? (डोंबिवली)

तुमच्या बाबांची पिढी सिनेमाबाहेरच्या रेकॉर्डला मुळीच नवखी नव्हती, उलट मराठी घरांना ती सवय सगळ्यांच्या आधीची. जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांची भावगीतं काही सिनेमातून आली नाहीत. रेकॉर्डवरून आणि रेडिओवरून आली, आणि घराघरात म्हटली गेली. हिंदीत मात्र गझल आणि भजन सोडलं तर बाजार सगळा सिनेमाचा. लोक रेकॉर्ड घेत ती हिरो-हिरॉइनच्या आठवणीसाठी.

१९८१ साली एचएमव्हीने ‘डिस्को दीवाने’ काढला तो या बाजारात. संगीत बिद्दूचं, आवाज नाझिया आणि झोहेबचे. मुखपृष्ठावर सिनेमातली जोडी नाही, ज्यांनी गायलं तीच दोन मुलं. ‘कुर्बानी’मुळे आवाज ओळखीचा झालेला होता, आता त्याला चेहरा मिळाला. आणि तो चेहरा आपल्याच वयाचा आहे, हे कॉलेजातल्या मुलामुलींनी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हे होतं. तोवर तरुण मुलांची गाणी चाळिशी-पन्नाशीतले लोक गायचे. फार सुंदर गायचे, पण तरुण मुलीचं गाणं खरोखर तरुण मुलीनेच गावं, हे हिंदीत नवीन होतं.

दुसरं कारण कॅसेट. एलपी महाग, आणि ती वाजवायला घरात रेकॉर्ड प्लेअर हवा. कॅसेट स्वस्त, आणि आखातात कामाला गेलेल्यांच्या सामानातून टू-इन-वन गावोगाव यायला लागले होते. रेकॉर्ड प्लेअर दिवाणखान्यात, वडिलांच्या ताब्यात. टू-इन-वन उचलून आतल्या खोलीत नेता येतो. तुमच्या बाबांना ओरडावं लागलं, ते त्यामुळेच.

पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या काळात तिच्यावर बंधनं होती का? (नांदेड)

झियांनी १९७७मध्ये सत्ता घेतली आणि १९८८मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ती सोडली नाही. नाझियाची गाण्यातली महत्त्वाची वर्षं जवळजवळ सगळी याच काळात येतात. त्या राजवटीत टेलिव्हिजनवर बाईचा पेहराव, नाच, स्त्री-पुरुषांनी एकत्र दिसणं, सगळ्यावर सरकारी नजर होती. अशा देशात एक मुलगी भावाच्या शेजारी उभी राहून पॉप गाते आणि घराघरात तिची कॅसेट पोचते, याचं वजन आपल्याला इथून नीट कळत नाही. तिने कधी भाषण केलं नाही, घोषणा दिली नाही. गात राहिली. शेजारी सख्खा भाऊ होता ही गोष्टही लहान समजू नका. त्या वातावरणात कितीतरी घरांनी तिला आत घेतलं ते ‘बहीण-भावाची जोडी’ म्हणून.

१९८४च्या ‘यंग तरंग’ अल्बमसाठी त्यांनी लंडनमध्ये व्हिडिओ चित्रित केले. पाकिस्तानी पॉपमध्ये हे पहिल्यांदा घडत होतं. झियांनंतर बेनझीर भुट्टो आल्या आणि १९८९ साली शोएब मन्सूर यांनी टेलिव्हिजनसाठी ‘म्युझिक ८९’ हा कार्यक्रम केला. सूत्रधार नाझिया आणि झोहेब. ‘व्हायटल साइन्स’सारखा तरुण बँड त्यात होता. सनातनी मंडळींनी त्यावर गहजब केला, पण पाकिस्तानातल्या पुढच्या पॉपची वाट तिथून रुंद झाली. चोविशीतली नाझिया तेव्हा नव्या मुलांची मोठी ताई झालेली होती.

एवढं यश असताना तिने गाणं सोडलं का? सिनेमात काम का केलं नाही? पुढे यश टिकलं नाही म्हणून का? (नाशिक, जळगाव, ठाणे)

या प्रश्नाची पत्रं सगळ्यात जास्त आहेत, आणि बहुतेकांच्या शब्दांत हळहळ आहे. ती मला पटत नाही, म्हणून आधी काय घडलं ते सांगते.

१९८२ साली विनोद पांडे यांचा ‘स्टार’ आला. कुमार गौरव, रती अग्निहोत्री, पद्मिनी कोल्हापुरे. संगीत बिद्दूचं, ‘बूम बूम’ त्यातलंच. भावंडांनी पडद्यावरही यावं अशी बिद्दूची इच्छा होती, त्यांनी नाही म्हटलं, फक्त गायले. सिनेमा पडला, गाणी चालली. मग १९८४चा ‘यंग तरंग’, १९८७चा ‘हॉटलाइन’, आणि १९९२चा ‘कॅमेरा कॅमेरा’. या शेवटच्या अल्बमला जोडून दोघांनी अमली पदार्थांच्या विरोधात मोहीम चालवली. त्यानंतर तिने गाणं थांबवलं. शेवटचे दोन अल्बम पहिल्या दोनांइतके गाजले नाहीत हे खरं आहे.

आता याच वर्षांच्या शेजारी दुसरी यादी ठेवा. लंडनच्या रिचमंड विद्यापीठातून अर्थशास्त्र आणि व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी. मग लंडन विद्यापीठाची कायद्याची पदवी. १९९१मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत, सुरक्षा परिषदेशी संबंधित विभागात नोकरी. पहिल्या गाण्याला पुरस्कार मिळाला तेव्हा ती शाळेत होती, आणि त्या पुरस्कारामुळे तिची शाळा सुटली नाही. अल्बम काढायचा आणि परत अभ्यासाला लागायचं, असं ते वर्षानुवर्षं चाललं.

तुमच्यातले बरेच जण विचारता की ‘करिअर’ का सोडलं. माझं म्हणणं असं, की तिने गाण्याला पोटापाण्याचा धंदा कधी मानलंच नव्हतं. गाणं ही भावाबरोबर, आवडीने करायची गोष्ट होती. एखादा मुलगा उत्तम क्रिकेट खेळून पुढे डॉक्टर झाला तर त्याच्या आयुष्यातून काही निसटलं असं आपण म्हणत नाही. गाणाऱ्या मुलीने वेगळं काम निवडलं की मात्र आपल्याला कारण शोधावंसं वाटतं: अपयश आलं असेल, घरच्यांनी अडवलं असेल, कुणी फसवलं असेल. तिच्या बाबतीत हे कारण शोधणं मला तिच्यावर अन्याय करणारं वाटतं. मी स्वतः आकाशवाणीचं गाणं थांबवून शिकवायला लागले तेव्हा लोक सहानुभूतीने बोलायचे. मला शिकवणं जास्त आवडत होतं, एवढंच कारण होतं, आणि ते कुणालाच पुरेसं वाटायचं नाही.

‘मेड इन इंडिया’ आधी तिच्यासाठी होतं हे खरं का? (रत्नागिरी)

तसं सांगितलं जातं, आणि बिद्दूच्या बाजूने पाहिलं तर ते जुळतं. ते गाणं बिद्दूनेच केलं. पाकिस्तानी गायिकेने हे शब्द गायले तर तिच्या देशात लोक दुखावतील म्हणून तिने ते घेतलं नाही, असं कारण दिलं जातं. मग ते अलिशा चिनॉयकडे गेलं आणि १९९५मध्ये मॅग्नासाउंड कंपनीने काढलं. व्हिडिओत आपला मिलिंद सोमण. अलिशाने ते असं गायलं आहे की दुसऱ्या आवाजाची कल्पना करवत नाही, तेव्हा झालं ते गाण्याच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण ‘डिस्को दीवाने’ने १९८१मध्ये सिनेमाशिवाय गाणं विकून दाखवलं नसतं, तर नव्वदच्या दशकात एवढ्या इंडीपॉप अल्बमांवर कंपन्यांनी पैसा लावला असता का, याबद्दल मला शंका आहे.

तिचं लग्न, घटस्फोट आणि आजार यांबद्दल इंटरनेटवर बरंच काही वाचायला मिळतं. खरं काय? (मुंबईहून तीन पत्रं)

ठाऊक असलेल्या गोष्टी थोडक्यात लिहिते. १९९५मध्ये लग्न झालं, १९९७मध्ये मुलगा झाला. कर्करोगाने तिला गाठलं. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली. पस्तीस वर्षांची होती. २००२मध्ये पाकिस्तान सरकारने तिला मरणोत्तर ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ हा सन्मान दिला, आणि २००३मध्ये आई-वडिलांनी तिच्या नावाने फाउंडेशन सुरू केलं.

लग्नाबद्दलचे आरोप-प्रत्यारोप मी या सदरात लिहिणार नाही. ते दोन कुटुंबांमधले आहेत, आणि तिचा मुलगा आता मोठा झालेला माणूस आहे, तोही हे वाचत असेल. तिच्यावरचा कुठलाही लेख उघडा, पहिल्या परिच्छेदात मृत्यू आणि दुसऱ्यात वाद. गाणं तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात. तिच्या आयुष्यातली शेवटची काही वर्षं दुःखाची होती, म्हणून आधीची सगळी वर्षं त्या रंगात बुडवून का टाकायची? ‘डिस्को दीवाने’ ऐका. ती आनंदात गाते आहे. तो आनंद खरा आहे, पुढे काय झालं याने तो खोटा ठरत नाही.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, छान गाते. टीव्हीवरच्या स्पर्धेसाठी वर्षभर शाळा बाजूला ठेवावी असं क्लासवाले म्हणतात. तुम्ही नाझियाबद्दल एवढं लिहिता, तर तिच्या उदाहरणावरून काय सांगाल? (अकोला)

दादा, शाळा सोडवू नका. नाझियाच्या घरची परिस्थिती आणि तुमची वेगळी असेल. लंडनमधलं घर, बिद्दूसारखा संगीतकार दाराशी, हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण तिच्या आई-वडिलांनी केलेली एक गोष्ट कुठल्याही घरात करता येते. मुलीच्या गाण्यावर त्यांनी घराचं भवितव्य टांगलं नाही. गाजली तरी तिला परीक्षा होत्या, आणि नसती गाजली तरी त्याच परीक्षा असत्या.

दुसरं, स्पर्धेच्या तयारीत चौदा वर्षांच्या मुलींना मोठ्या बायकांसारखं गायला शिकवतात. तीच उसासे टाकणारी गाणी, तोच हातवारा. माझ्याकडे अशा मुली येतात. आवाज दमलेला असतो, आणि स्वतःचा आवाज कुठला हे त्यांना सांगता येत नाही. तुमच्या लेकीला तिच्या वयाचं गाऊ द्या. रोज थोडा वेळ तानपुऱ्यावर साधा सा लावू दे, खाली-वर ताणायची घाई नको. या वयात मुलींचाही आवाज बदलत असतो, हे बऱ्याच क्लासवाल्यांच्या गावी नसतं. सकाळी आवाज घोगरा येत असेल तर त्या दिवशी वरच्या पट्टीत गाऊ देऊ नका, आणि तो घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. स्पर्धा सुट्टीत येत असेल तर जरूर पाठवा. आणि शक्य असेल तर एकदा तिच्या गाण्याचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करून तिलाच ऐकवा, मग काय आवडलं ते तिला विचारा. क्लासवाल्यांचं मत त्यानंतर.

मी विशीतला आहे. ‘स्टुडंट ऑफ द इयर’मधल्या ‘डिस्को साँग’मुळे तिचं नाव कळलं. ऐकायला सुरुवात कुठून करू? (छत्रपती संभाजीनगर)

२०१२च्या त्या गाण्यात विशाल-शेखरने तिचा मूळ आवाज वापरला आहे, म्हणजे तू तिला आधीच ऐकलं आहेस. आता मूळ ‘डिस्को दीवाने’ लाव आणि दोन्हींचा वेग मनातल्या मनात ताडून बघ. मूळ गाणं घाई करत नाही. मग ‘आओ ना’. त्यानंतर ‘बूम बूम’, इथे बिद्दूची वाद्यं जास्त चमकदार आहेत आणि ती त्यांच्यात आरामात वावरते. ‘यंग तरंग’मधलं ‘आँखें मिलानेवाले’ जमल्यास व्हिडिओसह बघ. १९८४चे कपडे आणि केस बघायला मजा येईल. त्याच अल्बममधलं ‘दोस्ती’ झोहेबबरोबरचं. ‘आप जैसा कोई’ सगळ्यात शेवटी ठेव, कारण ते तू लग्नाच्या वरातींत इतक्या वेळा ऐकलं असशील की आधी कान धुऊन घ्यावे लागतील. आणि मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, त्यात बास ऐकूच येत नाही.

पुढच्या अंकासाठी उषा उथुप यांच्याबद्दलची पत्रं बाजूला काढून ठेवली आहेत. आणखी कुणाला विचारायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत पाठवा.